एकतारी दर पावसाळ्यात उतरते, दर उन्हाळ्यात फाटते: इंदूरच्या हवेत दोष शोधायचा कुठे

आषाढी एकादशीला भजनाला बसावं आणि एकतारीचा सा हाती लागू नये. खुंटी पिळली तर दोन अभंगांत पुन्हा खाली. दिवाळीनंतर ती आपोआप सुधारते, माघात टणटणीत वाजते. मग रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, होऊन महिना-दीड महिना जातो आणि एका दुपारी, कुणी हातही न लावता, कातडं काठाशी फाटलेलं दिसतं. नवं कातडं चढतं, पुढच्या वर्षी तेही हेच करतं. घरी तुंबा, म्हणजे खालचा पोकळ भोपळा, वाळवून एकतारी करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे, आणि तिच्यावरचा नेहमीचा चुकीचा उपाय म्हणजे आणखी एक नवं कातडं.

कातडं बिचारं दिसतं म्हणून सापडतं. सूर उतरायला खुंटी, तुंब्याचा काठ, दांडीचं भोक आणि कातडं यांतलं कोणतंही एक कारण पुरतं, आणि चौघांचा आवाज बाहेरून सारखाच येतो. कातडं खरोखर दोषी असलं तरी बहुतेक वेळा दोष त्याच्या जातीचा नसतो, ते कोणत्या महिन्यात आणि किती ओढून चढवलं याचा असतो.

खालची मापं ज्या वाद्याची आहेत ते असं: कडू भोपळ्याचा तुंबा, तोंड १७ सेंटिमीटर, बांबूची दांडी १ मीटर लांब, २८ ते ३० मिलिमीटर जाड, तुंब्याच्या आरपार गेलेली, बकऱ्याचं कातडं, ३० गेजची म्हणजे साधारण ०.३१५ मिलिमीटर जाडीची पोलादी तार. वरच्या आडापासून (तार जिथे टेकते ती आडवी पट्टी) घोडीपर्यंत, म्हणजे कातड्यावर तार उचलून धरणाऱ्या लाकडी तुकड्यापर्यंत, तार ७५ सेंटिमीटर, घोडीपासून खालच्या मेखेपर्यंत ८. घोडी मेखेकडच्या काठापासून ५ सेंटिमीटर आत. मापं थोडी इकडेतिकडे असली तरी पुढचं सगळं तसंच लागू होतं. घोडी काठाच्या अगदी जवळ असेल तर मात्र ती आधी सरकवा.

आधी मोजा, मग सोडा

संध्याकाळी तार नीट मिळवा. खुंटीच्या डोक्यावर आणि शेजारी दांडीवर मिळून एक बारीक सरळ रेघ पेन्सिलीने ओढा. तुंब्याच्या तोंडावर घोडीला खेटून पोलादी पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीखाली कातडं किती खोल गेलंय ते मोजा. तुंब्याच्या तोंडाचा व्यास दोन दिशांनी मोजा, दांडीच्या रेषेत आणि तिला काटकोनात. तीन आकडे आणि एक रेघ. सकाळी, त्याच खोलीत, हात लावण्याआधी पुन्हा तेच बघा.

रेघ तुटली असेल तर खुंटी घसरली. रेघ जुळतेय पण कातडं खोल गेलं असेल तर कातडं किंवा त्याची बांधणी सैल झाली. दोन व्यासांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला असेल तर काठ चेपतोय आणि कातडं केवळ त्याच्यामागून चाललंय. यांतलं काहीच हललं नसेल तर तारेचे दोन्ही टोकांचे वेढे आणि दांडीचं भोक बघा. नवी तार असेल तर दोन दिवस थांबा. वेढे बसेपर्यंत ती उतरणारच.

एवढं बारीक का मोजायचं? ही तार पेटीवरच्या काळी एक या पुरुषांच्या पट्टीला (साधारण १३९ हर्ट्झ) मिळवली की तिच्यावर फक्त पावणेतीन किलोच्या आसपास ताण असतो, आणि त्या ताणाने ८३ सेंटिमीटरची तार जेमतेम दीड मिलिमीटर लांबते. सगळा सूर त्या दीड मिलिमीटरवर उभा आहे. मेखेपासून घोडीच्या माथ्यापर्यंत तार १५ मिलिमीटर चढत असेल आणि घोडी २ मिलिमीटर खचली, तर त्या दीडातले जवळजवळ ०.४ मिलिमीटर निघून जातात. ताण पाव हिश्श्याहून जास्त कमी होतो, सूर पेटीवरच्या दोन-अडीच पट्ट्या खाली येतो. दांडी थोडी लवचिक असल्यामुळे प्रत्यक्षात फरक जरा कमी पडतो, पण गाणाऱ्याला तेवढाही पुरे.

आता खुंटीचं बघा. जिथे तार गुंडाळते तिथे खुंटी ८ मिलिमीटर जाड असेल, तर घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सरकतो तेवढी ती फिरली तरी तेच ०.४ मिलिमीटर सुटतात. म्हणजे डोळ्याला न दिसणारी खुंटीची घसर आणि बोटाला जाणवणारी कातड्याची खच यांचा परिणाम एकच. म्हणून ती पेन्सिलीची रेघ.

उन्हाचाही थोडा हात असतो. तापमान १० अंशांनी वाढलं की पोलादी तार स्वतःच सुमारे ०.१ मिलिमीटर लांबते, आणि सूर पाव ते अर्ध्या पट्टीने उतरतो. सावलीतून अंगणात उन्हात आणलेली एकतारी उतरली तर तो दोष नव्हे. पंधरा मिनिटं तिथेच राहू द्या, मग मिळवा.

खुंटी

उन्हाळ्यात उतरणाऱ्या एकतारीत पहिला संशय खुंटीवर घ्यावा. लाकूड वाळताना सगळ्या बाजूंनी सारखं आक्रसत नाही. खोडातल्या वर्तुळांच्या दिशेने ते गाभ्याकडच्या दिशेपेक्षा जवळजवळ दुपटीने आक्रसतं. त्यामुळे मेमध्ये गोल खुंटी किंचित लंबगोल होते आणि भोकात दोनच ठिकाणी टेकते. पावसाळ्यात तीच फुगून अशी बसते की फिरवताना डोकं हातात येतं.

बांबूत हा त्रास वाढतो, कारण दांडी पोकळ. खुंटी दोन्हीकडच्या ४-५ मिलिमीटर भिंतींवरच टेकलेली असते. उपाय सोपा आहे आणि बहुतेक जण तो करत नाहीत: दांडीच्या वरच्या टोकात ६-७ सेंटिमीटर लांब सागाचा गोल तुकडा आतून बसवून मग आरपार भोक पाडायचं. खुंटी शिसवीची, नाही तर बाभळीच्या वाळलेल्या गाभ्याची. ओल्या फांदीची कधीच नाही. उतार हळू हवा, २५ मिलिमीटर लांबीत १ मिलिमीटर एवढाच. भोकही तसंच उतरतं करायचं. त्यासाठी वेगळं अवजार नसेल तर खुंटीच्याच आकाराच्या काठीला काचकागद गुंडाळून फिरवा. बसते कुठे ते पाहायला खुंटीला खडू फासून एक फेरा द्या. चकाकलेले पट्टे दोन्ही बाजूंना पूर्ण गोल दिसले पाहिजेत.

नंतर ऋतूप्रमाणे: होळीनंतर कोरडा खडू, पाऊस सुरू झाला की खडूबरोबर सुक्या साबणाची एक रेघ. तेल कधीच नाही. तेल एकदा मुरलं की ती खुंटी कायमची घसरडी.

कातडं कोणत्या महिन्यात चढवलं?

इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, माळव्याच्या पठारावर. मेमधल्या दुपारी हवेतली आर्द्रता १५-२० टक्क्यांपर्यंत उतरते, श्रावणातल्या सकाळी ८५-९० पर्यंत चढते. कच्चं कातडं ओल पिऊन पसरतं आणि ओल सोडून आक्रसतं. त्याला दुसरं काही येत नाही. कोकणात हवा वर्षभर दमट, तिथे ही दोन टोकं एवढी लांब नसतात. तिकडच्या नातेवाइकाने सांगितलेली रीत इथे जशीच्या तशी चालत नाही.

इथे लोक एकतारी बनवतात ती उन्हाळ्याच्या सुट्टीत, कारण मुलं घरी असतात. मेमध्ये चढवलेलं कातडं वाळून जितकं ताणायचं तितकं ताणलेलं असतं. आषाढात ते सैल पडणं ठरलेलंच. उलट, पावसाळ्यात सैल पडलं म्हणून श्रावणात पुन्हा ओढून घट्ट केलेलं कातडं पुढच्या वैशाखात कुठे जाणार? ते एक तर फाटतं, नाही तर तुंब्याला फोडतं. 'दर पावसाळ्यात उतरते' आणि 'दर उन्हाळ्यात फाटते' या दोन वेगळ्या तक्रारी नव्हेत. पहिलीवर केलेल्या उपायातून दुसरी जन्मते.

कातडं चढवायचं ते दसऱ्यानंतर, शक्यतो कार्तिकात. तेव्हा आर्द्रता मधल्या पट्ट्यात असते आणि दोन्ही टोकं सारख्या अंतरावर पडतात. दुसरी संधी फेब्रुवारीची. मे आणि ऑगस्ट टाळा, कितीही घाई असली तरी.

चढवताना

कातडं बकऱ्याचं, कच्चं, चुन्याने केस काढलेलं, ०.४ ते ०.६ मिलिमीटर जाड. ढोलक-तबला मढवणाऱ्यांकडे मागितलं तर मिळतं. पर्सा-चपलांसाठी कमावलेलं चामडं चालत नाही. ते वाळताना ताणत नाही, मऊच राहतं. जुन्या एकतारी-खंजिऱ्यांवर घोरपडीचं कातडं दिसतं, त्याचा मोह नको. घोरपड १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पहिल्या अनुसूचीत आहे आणि ते कातडं जवळ बाळगणंही गुन्हा आहे.

कातडं उजेडासमोर धरा. पाठीच्या कण्याची रेघ गडद दिसेल. ती तोंडाच्या मधोमध, तारेला समांतर यावी. पोटाकडचा भाग पातळ आणि ओढाळ असतो. तो एका बाजूला आला की तिथेच घोडी कलते. तोंडाच्या व्यासापेक्षा सगळीकडून ५ सेंटिमीटर जास्त ठेवून गोल कापा.

साध्या पाण्यात ३-४ तास भिजवा, जाड असेल तर ६-८. पाणी गरम नको. कच्च्या कातड्यातले तंतू ६० अंशांच्या पुढे आक्रसून सरसासारखे होतात आणि मग ते कातडं वाळलं की काचेसारखं तडकतं. 'लवकर भिजावं' म्हणून कोमट-कोमट म्हणत कढत पाणी ओतलेली कातडी पुष्कळ आढळतात. त्यांची खूण म्हणजे वाळल्यावर दिसणारे पारदर्शक पिवळट डाग.

भिजलेलं कातडं सुती फडक्यात दाबून ठिबकणं थांबू द्या. ४ मिलिमीटर जाड वेताचं कडं करा, तुंब्याच्या तोंडापेक्षा जरा सैल, आणि कातड्याची कड त्याच्यावरून आत दुमडा. कडं काठाच्या सव्वा सेंटिमीटर खाली बसलं पाहिजे. दुमडलेल्या जागी दाभणाने सारख्या अंतरावर १६ भोकं. तुंब्याच्या खालच्या बाजूला दुसरं लहान कडं, आणि दोन्हींमध्ये मेण लावलेला सुती दोरा वरखाली ओवायचा. सुतळी नको, ती ताण धरत नाही. पहिला फेरा फक्त सुरकुत्या जाण्यापुरता ओढा, दुसरा फेरा समोरासमोरच्या जोड्यांनी.

किती ओढायचं, इथेच बहुतेकांचं बिघडतं. ओलं कातडं हाताने ढोलकासारखं घट्ट करायचं नसतं; उरलेलं काम वाळणं करतं. मधोमध अंगठ्याने हलकं दाबल्यावर ते ८-१० मिलिमीटर आत गेलं पाहिजे. ५ मिलिमीटरच जात असेल तर दोरा सोडा. हात शिवशिवतो हे खरं, ओलं कातडं फार आज्ञाधारक वाटतं. पण वैशाखात त्याची वसुली होते.

वाळवणं सावलीत, ३६ ते ४८ तास, पंखा बंद. कडेला कातडं दुहेरी असल्यामुळे ते उशिरा वाळतं आणि मध्य आधी ताणतो. म्हणून पहिले पाच-सहा तास मध्यावर ओलसर, पिळलेलं सुती फडकं ठेवा. घोडी तिसऱ्या दिवशी. घोडीचा तळ ३५ ते ४० मिलिमीटर लांब, पूर्ण सपाट. दोन टोकदार पायांची घोडी दिसायला देखणी असते आणि पोटात खंजीर घेऊन बसते: तारेचा साधारण अर्धा किलो भार दोन टाचण्यांएवढ्या जागेवर येतो. तळाखाली पातळ चामड्याची चकती ठेवली तर उत्तम.

मग दोऱ्याखाली तबल्याला असतात तसे लाकडी गठ्ठे सरकवा. १२-१५ मिलिमीटर जाडीचे चार पुरतात, प्रत्येकाखाली चामड्याचा तुकडा. कार्तिकात गठ्ठे वरच्या बाजूला, सैल. आषाढात ते खाली ठोकले की कातडं ताणतं. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, निघून गेल्या की पुन्हा वर. कातडं न सोडता, न भिजवता वर्ष निघतं ते याच गठ्ठ्यांमुळे. नुसतं सरसाने चिकटवलेलं कातडं दिसतं स्वच्छ, पण त्यात ताण बदलायला जागाच नाही, शिवाय भर पावसाळ्यात सरसही ओल पिऊन मऊ पडतो. ज्यांना सरसच हवा त्यांनी निदान बांबूच्या खिळ्या जोडीला माराव्यात, २ मिलिमीटर गिरमिटाने भोक पाडून. लोखंडी खिळा भोपळ्याला उभा चिरतो.

तुंब्याचा काठ

मोजताना दोन व्यासांत फरक आला असेल तर वरचं सगळं व्यर्थ. काठाची जाडी बघा: ५-६ मिलिमीटर हवी. ३ मिलिमीटरचा काठ कातड्याच्या ओढीने आत येतो, आणि पावसात भोपळा मऊ पडला की जास्तच.

पातळ काठ बहुधा कोवळ्या भोपळ्याचा असतो. इंदूरच्या चोइथराम मंडीत मिळते ती लौकी, म्हणजे दुधी, भाजीसाठी तोडलेली. ती टांगली तर सुरकुतते, मग सडते. वेलावरच जून झालेली हवी, देठ वाळलेली, नखाने साल न ओरखडणारी. इंदूरजवळच्या सांवेर-देपालपूरकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याला बियाण्यासाठी दोन फळं वेलावर ठेवायला सांगितलं तर काम होतं. कडू जातीचा मिळाला तर सर्वांत बरा. साल जाड असते. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना लागणारे थोरले भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, एकतारीला तेवढ्याची गरज नाही. देठाला दोरी बांधून सावलीत, हवेशीर जागी ३-४ महिने टांगायचा. वरून काळी-पांढरी बुरशी येईल, घाबरू नका, ती ओल्या फडक्याने जाते. हलवल्यावर बिया खुळखुळल्या आणि तो हाताला पुठ्ठ्यासारखा हलका लागला की झाला. मऊ जागा पडली असेल तर तो फेकून द्या.

आहे त्या तुंब्याचा काठ वाचवायचा असेल तर आतून बांबूच्या कामटीचं कडं बसवा: १२ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड, रात्रभर भिजवून वाफेवर वाकवलेलं. जोडाची दोन्ही टोकं ५ सेंटिमीटर तिरकी छिलून एकावर एक. चिकटवायला दोन ट्यूबा मिसळून करतात तो इपॉक्सी वापरा. 'सगळं नैसर्गिकच हवं' म्हणणाऱ्यांना हे रुचणार नाही. त्यांनी वितळवलेली लाख वापरावी, ती ओलीला सरसापेक्षा पुष्कळ बरी टिकते.

आणि एक गोष्ट जी बाहेरून चकचकीत पॉलिश केलेल्या तुंब्यांतही राहून जाते: आतली बाजू. भोपळा ओल पितो ती आतून. गर पूर्ण खरवडून, काचकागद मारून, चपडा लाखेचं पॉलिश आतून दोन हात द्या. अर्धा लिटर स्पिरिटमध्ये १०० ग्रॅम चपडा, रात्रभर मुरवून, फडक्यातून गाळून. आवाजही थोडा उजळतो. न खरवडलेल्या गरात किडे होतात, तुंब्याखाली पिठासारखी भुकटी पडू लागली की समजा.

दांडी आणि तिचं भोक

तार ओढते तेव्हा दांडीचं वरचं टोक पुढे झुकू पाहतं आणि सगळा जोर तुंब्याच्या दोन भोकांवर येतो. भोक काठाखाली १२ मिलिमीटरपेक्षा वर असेल तर वरची पट्टी तुटते. भोक लांबट झालं असेल तर दांडी हलते आणि रोज सूर थोडा-थोडा उतरतो, कातडं-खुंटी दोन्ही ठीक असताना. लहान फट असेल तर लाकडाचा भुसा आणि सरस; मोठी असेल तर आतून भोपळ्याच्याच तुकड्याची चकती लावून भोक नव्याने पाडा.

बांबू पावसाळा संपल्यापासून थंडीपर्यंत तोडलेला घ्यावा, तेव्हा त्यात पिष्ट कमी असतं, भुंगेरे कमी लागतात. वद्य पक्षातच तोडावा असं जुने लोक सांगतात. पक्ष कोणताही असो, महिना चुकवू नका. शंका असेल तर दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात, नाही तर रोज पाणी बदलत हौदात बुडवा आणि मग सावलीत उभा वाळवा. वरच्या खुंटीजवळ एक पेर यायला हवं, चीर तिथे थांबते. खुंटीच्या भोकाच्या दोन्ही बाजूंना २-२ सेंटिमीटर मेणदोरा घट्ट गुंडाळला तर मेमधली चीर बहुधा येतच नाही.

कूलर

या कारणाकडे कुणाचं लक्ष जात नाही. एकतारी देवघराजवळ, हॉलच्या भिंतीवर टांगलेली आणि समोर खिडकीत कूलर. दुपारी कूलर सुरू झाला की तासाभरात खोलीतली आर्द्रता वीस टक्क्यांवरून पन्नास-साठवर जाते, रात्री बंद झाला की पुन्हा खाली. म्हणजे वाद्याला रोज एक पावसाळा आणि एक उन्हाळा. वर्षभरात कातड्याला जेवढे हेलकावे बसतात तेवढे दोन महिन्यांत बसतात, आणि प्रत्येक हेलकाव्यात ते थोडं-थोडं कायमचं पसरतं. एप्रिल-मेमध्ये फाटलेल्या कातड्यांत अशी भिंत पुष्कळदा सापडते.

एप्रिल ते जून ती सुती पिशवीत घालून आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवा, जिथे कूलरचा झोत पोचत नाही. तार दोन-तीन वेढे सैल, घोडी काढलेली. प्लास्टिकची पिशवी नको, ओल आत अडकते. सोबत कापूर किंवा डांबराच्या दोन गोळ्या, कारण कच्च्या कातड्याला झुरळ आणि उंदीर दोघंही खाद्य समजतात.

एकादशीला ऐन वेळी

पंढरीनाथाच्या देवळात मंडळी बसलीत, बाहेर संततधार आणि एकतारी उतरलेली. शेगडीवर धरू नका. वरून कोरडं वाटणारं कातडं आतून ओलं असतं आणि ओल्या कातड्याला ६० अंश फार लवकर गाठतात. साधा ६० वॅटचा पिवळा बल्ब अर्ध्या हातावर, १५-२० मिनिटं, वाद्य फिरवत राहायचं. गठ्ठे असतील तर प्रत्येकी ३-४ मिलिमीटर खाली, आलटून-पालटून समोरासमोरचे.

त्याने भागलं नाही तर घोडी बदला. उंचीला २ मिलिमीटर जास्त अशी दुसरी घोडी पिशवीत तयार ठेवलेली असावी. खचलेलं अंतर भरून निघतं आणि तार पुन्हा उभी राहते. नुसती खुंटी पिळत राहिलात तर ताण वाढतो, घोडी आणखी खचते, पुन्हा पिळावी लागते. तिसरा मार्ग सर्वांत सोपा: गाणाऱ्यांना एक पट्टी खाली घ्यायला सांगणे. काळी एकवरून पांढरी एकला आलं की तारेवरचा ताण सुमारे ११ टक्के कमी होतो, कातड्याला तेवढाच श्वास. मात्र उंच घोडी घरी आल्यावर लगेच काढायची. विसरली तर कोजागरीपर्यंत ती वाद्याचं नुकसान करते.

तुणतुण्याचं गणित निराळं. तिथे तार कातड्याच्या मधोमध भोकातून जाते, त्यामुळे तारेचा सगळा ताण कातड्यावरच येतो, अर्धा किलो नव्हे. तिथे भोक वाढत जाणं हाच मुख्य रोग. आतून आधी जाड चामड्याची ३ सेंटिमीटरची चकती, तिच्या खाली लाकडी बटण किंवा कवडी, आणि तार बटणाच्या भोकातून दुहेरी ओवून गाठ. नाणं वापरायचं तर त्याच्या भोकाची धार कानशीने घासून घ्या, नाही तर तार तिथेच तुटते.